मडकं गप्प आहे, बाई

तुमच्या मुलीला परीक्षेला घेऊन जाणाऱ्या गाडीच्या चाकांत हवा किती आहे, हे तुम्ही शेवटचं कधी विचारलंत?

विचारलं नसेल. तुमच्या मुलीचं केंद्र घरापासून जवळ असेल, तिला सोडायला रिक्षा असेल, नाहीतर तुम्ही स्वतः स्कूटर काढत असाल. तळासरीच्या पूर्वेला, महामार्ग सोडून आत गेलं की डोंगराच्या उतारावर जे पाडे आहेत, तिथल्या मुलींना दहावीच्या केंद्रावर नेणारी गाडी एकच होती. ती सरकारची नव्हती, शाळेचीही नव्हती. ती मेहेरबाईंची होती.

मेहेरबाई आमच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. शाळा महामार्गाला लागून, चारोटीच्या पुढे. नाव मुद्दामच सांगत नाही. मी तिथे तासिका तत्त्वावर मराठी शिकवायला लागले ते २०१५ साली. मी डहाणूत राहायचे, बाई नरपडला. रोज सकाळी त्या नरपडहून निघायच्या, डहाणूत मला घ्यायच्या, आशागडला चहा व्हायचा आणि चारोटीला आम्ही महामार्गाला लागायचो. जवळपास दोन वर्षं मी त्यांच्या गाडीतून गेले. आजही आशागडच्या नाक्यावर एसटी थांबली की माझा हात उगाच दाराच्या कडीकडे जातो.

बाई ठेंगण्या होत्या. समोरचा रस्ता दिसावा म्हणून त्या बसायला जाड उशी घ्यायच्या. सुती साडी, अंबाड्यात वाडीतली अबोली, चष्मा दोरीला बांधलेला आणि पायात मुलाचे जुने खेळाचे बूट. चप्पल घालून गाडी चालवणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास नव्हता. गाडी मात्र थाटाची. वापीच्या एका कारखानदाराने वापरून विकलेली, मऊ चामडी सीटांची, परदेशी बनावटीची. त्या सीटांना बाईंनी पहिल्याच महिन्यात सुक्या बोंबलांचा वास लावला, कारण डिकीत बोंबलांची पिशवी कायम असायची. कुणाच्या घरी काही नडलं आहे असं दिसलं की त्यातून मूठभर निघायचे. मुख्याध्यापक सर एकदा नाकाला रुमाल लावून बसले, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, कारखानदाराच्या अत्तरापेक्षा हा वास स्वस्त आहे आणि शिजवताही येतो."

ही गाडी त्यांनी का घेतली, याची कथा स्टाफरूममध्ये चवीने सांगितली जायची. पन्नाशी ओलांडल्यावर बाई गाडी शिकल्या आणि लगेच विकत घ्यायला वापीला गेल्या. विकणारा गाणी लावून दाखवत होता, थंड हवा सोडून दाखवत होता. बाईंनी एवढंच विचारलं, की चाकातली हवा कमी झाली तर समोर दिवा लागतो म्हणतात, तो खरंच लागतो का. त्याने एका चाकातली हवा सोडून, चक्कर मारून आणून दाखवलं. दिवा लागला. बाईंनी गाडी घेतली. तेव्हापासून "मेहेरबाईंनी दिवा घेतला, गाडी फुकट आली" असं शाळेत म्हणायचे.

हसणाऱ्यांना कारण माहीत होतं, तरी हसायचे. बाईंचे यजमान याच महामार्गावर गेले. भाड्याच्या जीपचं चाक भर उन्हात फुटलं. त्या जीपची चाकं गुळगुळीत झाली होती, हे नाक्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी मला हे एकदाच सांगितलं, गाडी चालवता चालवता, नजर रस्त्यावर ठेवून. "सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोललं नाही." मग त्यांनी गिअर बदलला आणि कुठल्याशा चाचणी परीक्षेचं बोलायला लागल्या.

तो दिवा पिवळा होता. वरून उघडं, खाली फुगीर असं काहीतरी आणि मधोमध उद्गारचिन्ह. पाड्यावरच्या मुलींना त्यात ताडाला टांगलेलं ताडीचं मडकं दिसलं. त्यामुळे गाडीत त्याला मडकंच म्हणायचे. बाईंना माझ्यासाठी त्यात वेगळं काही सापडलं होतं.

माझे आई-बाबा दोघेही चळवळीतले. मी अक्षरं शिकले ती जमिनीच्या, जंगलाच्या आणि रेशनच्या पत्रकांवरून. पहिल्या दिवशी मी त्या चामडी सीटकडे अशा काही नजरेने पाहिलं असावं, की बाई म्हणाल्या, "बस ग. कामगारवर्गाची सीट मागे आहे, मालकवर्गाची पुढे. तुला कुठली हवी?" मी मागे बसले. तेव्हापासून मी त्यांची पत्रकबाई झाले. पुढे कधीतरी पहिल्यांदा तो दिवा माझ्यासमोर लागला, तेव्हा त्या गाडी कडेला घेत म्हणाल्या, "हे उद्गारचिन्ह बघ. तुमच्याच घरी छापलेलं दिसतंय."

त्या दिवशी मागे डाव्या बाजूला मुख्याध्यापक सर बसले होते. सर अंगाने भरलेले. दिवा लागताच त्यांच्या वजनानेच लागला, अशी कुजबुज झाली आणि सरही कसनुसं हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना खाली उतरवलं, सरांनासुद्धा, आणि गाडी रिकामी करून हळूहळू मागे आशागडला नेली. आम्ही पायी मागून गेलो. पंक्चरवाल्याने चाक पाण्यात फिरवलं आणि बुडबुड्यांच्या जागेतून बाभळीचा काटा ओढून काढला. सर म्हणाले, "म्हणजे मी निर्दोष." बाई म्हणाल्या, "तुम्ही निर्दोष, पण पुढे बसा."

हवा भरून झाली की बाईंचा एक विधी असायचा. पंक्चरवाला मापाची नळी काढून "बेन, हवा बराबर छे" म्हणायचा. तरी त्या स्वतः माप लावून बघायच्या. मग गाडीत बसून गिअरजवळचं एक बटण दाबून धरायच्या. दिवा दोनदा लुकलुकायचा आणि विझायचा. ते बटण कशाला, असं मी एकदा विचारलं. बाईंनी भूगोलाचा तास घेतला. या गाडीच्या चाकात हवा मोजणारं काही नाही. चाकं कशी फिरतात, तेवढं ती बघते. हवा कमी झालेलं चाक जरा लहान होतं, जास्त गिरक्या घेतं. फरक पडला की दिवा लावते. पण बरोबर काय, हे तिला आपण सांगायचं असतं. बटण दाबताना चाकं जशी असतील, तशी ती बरोबर समजते. "डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात ना? हे बटण म्हणजे गाडीची समुद्रसपाटी. ती चुकली की पुढची सगळी मापं चुकली."

पाड्यावरच्या आयांना बाई एकच वाक्य सांगायच्या: "नेईन आणि आणीन." जादा तासांना, सराव परीक्षेला, वैद्यकीय तपासणीला मुलींना न्यायचं असेल तर शाळेकडे काही नव्हतं. एसटी महामार्गावरून जायची, पाड्यात वळायची नाही. मग शाळा सुटल्यावर बाई गाडी आत घालायच्या. जिथे डांबर संपायचं तिथे चाकांसाठी दगड बाजूला करत, सीटवर मुली दाटीवाटीने. नेईन आणि आणीन. त्यातलं "आणीन" त्या जरा जोर देऊन म्हणायच्या.

मला याचाच राग यायचा. एका बाईच्या जुन्या गाडीवर मुलींची दहावी का टांगलेली असावी? मी पत्रक लिहिलं. मुलींसाठी एसटी पाड्यापर्यंत आलीच पाहिजे. छापायला देण्याआधी बाईंना दाखवलं. आशागडला चहा पिता पिता त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं आणि उद्गारचिन्हं खोडायला सुरुवात केली. एकच ठेवलं. "मागणी एकदा ओरडून करायची. नंतर फक्त तारीख विचारायची." पत्रक वाटलं. आगारात निवेदन दिलं. साहेबांनी चहा पाजला. एसटी आली नाही. त्यानंतर पाड्याच्या चढावर गाडीचं पोट दगडाला घासलं की बाई आरशातून माझ्याकडे बघून विचारायच्या, "आली का ग तुझी एसटी?"

वरच्या पाड्यावरची सविता ही त्या पाड्यातून दहावीला पोचलेली पहिली मुलगी. तिच्याआधीच्या सगळ्या मुली सातवी-आठवीतच गळाल्या होत्या. कुणी वीटभट्टीवर गेली, कुणी लहान भावंडांपाठी घरी राहिली. सविता टिकली ती हट्टाने. बोलायला फटकळ, अक्षर सुरेख. तिला पुढे नर्स व्हायचं होतं आणि ते ती कुणालाही विचारलं नसताना सांगायची. दहावी निघाली नाही तर तिला पावसाळा संपताच भट्टीवर धाडायचं, असं घरात ठरलेलं होतं. तिच्या आईने, जानकीबाईने, ते आमच्यासमोरच सांगितलं होतं, काहीही न लपवता.

सविता गाडीत पुढे बसायची. बाईंनी तिला काम दिलं होतं: दिव्यावर नजर ठेवायची. बाईंचं लक्ष रस्त्यावर, सविताचं तबकडीवर. दर थोड्या वेळाने, कुणी न विचारता, ती सांगायची, "मडकं गप्प आहे, बाई." आणि बाई म्हणायच्या, "मग आपण बोलू." एवढं झालं की गाडीत गप्पा सुरू व्हायच्या. बाई नकाशावरच्या नद्या विचारायच्या, मुली उलट त्यांना रानभाज्यांची नावं विचारायच्या आणि बाई चुकल्या की खिदळायच्या.

सविताची परीक्षा २०१७च्या मार्चमध्ये होती. त्याच आठवड्यात बाईंच्या भाच्याचं लग्न निघालं. बाईंचा धाकटा भाऊ वामन, आम्ही त्यांना वामनमामा म्हणायचो, नरपडच्या किनाऱ्यावरून मासळीचा टेम्पो चालवायचे. लग्न त्यांच्याच मुलाचं. मी लग्नाला होते, जेवलेही होते. पण पुढचं मी पाहिलेलं नाही. वामनमामांनी नंतर सांगितलं, तसं सांगते.

त्यांच्या घरची रीत अशी, की नवरदेव बोहल्यावर चढण्याआधी समुद्राला नारळ देऊन येतो. आजवर सगळे वाजतगाजत पायी गेले. या वेळी पोरांनी हट्ट धरला, की आत्याच्या गाडीतून जायचं, थेट पाण्यापर्यंत. बाई आत मांडवात बायकांमध्ये अडकलेल्या. चावी वामनमामांकडे. वाळू भुसभुशीत. मासळीचा टेम्पो वाळूत उतरवताना ते रोज जे करायचे, तेच त्यांनी केलं: काडी घालून चाकांतली हवा सोडली, अंदाजाने, एकातून थोडी जास्त, एकातून थोडी कमी. चाक पसरलं की वाळूत रुतत नाही, हे किनाऱ्यावरच्या पोरालाही कळतं. नारळ दिला, गाडी अलगद बाहेर आली. टेम्पोत अशी हवा सोडली की नाक्यावर येऊन भरायची, एवढंच. टेम्पोला दिवा नसतो.

डांबरी रस्त्याला लागल्यावर मडकं पेटलं.

वामनमामा घाबरले. चाकांना काय झालंय ते त्यांना ठाऊकच होतं, भीती होती ती बहिणीची. हा दिवा पाहिला की बाईंचं काय होतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांचे ओठ पांढरे पडायचे, दोन दिवस जेवण जायचं नाही, जुनं सगळं वर यायचं. लग्नाच्या दिवशी हे नको. हवा भरल्यावर बाई बटण दाबतात आणि दिवा विझतो, एवढं त्यांनी अनेकदा पाहिलं होतं. त्यांना वाटलं, ते बटण दिवा विझवायचं. त्यांनी दाबून धरलं. दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. सकाळी नाक्यावर जाऊन गुपचूप हवा भरून आणू, असं त्यांनी ठरवलं. सकाळी वीज नव्हती, हवेचं मशीन बंद होतं. मग वरातीचे पाहुणे, मांडव उतरवणं, देणीघेणी. परीक्षेच्या दिवशी बाई नेहमीच्या वेळी निघाल्या, तेव्हा मामा लग्नाच्या दमणुकीने झोपले होते.

मी त्या दिवशी गाडीत नव्हते. वसतिगृहातल्या मुलींना केंद्रावर नेण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणून आदल्या दिवशीच तळासरीत मैत्रिणीकडे राहिले होते. विज्ञानाचा पेपर. बाई वरच्या पाड्यावरून सविताला आणि खालच्या पाड्यांवरच्या आणखी दोघींना घेऊन येणार होत्या. मी केंद्राच्या फाटकाशी उभी होते.

गाडीत काय झालं, ते त्या दोघींनी सांगितलं. महामार्गाला लागल्यावर बाई म्हणाल्या, "आज स्टिअरिंग जड लागतंय. लग्नाची झोप हातात उतरलीय का काय." मग सविताला विचारलं, "बघ ग."

सविताने वाकून पाहिलं. "मडकं गप्प आहे, बाई."

"मग आपण बोलू," बाई म्हणाल्या आणि ओहमचा नियम विचारला.

पुढचं डावं चाक फुटलं. गाडी डावीकडे ओढली गेली. बाईंनी ब्रेकवर पाय न मारता गाडी धरून ठेवली म्हणून ती उलटली नाही, असं नंतर सगळे म्हणाले. कडेच्या मातीच्या ढिगात ती घुसली. मागच्या दोघींना मुका मार. बाईंच्या कपाळाला खोक. सविताने गाडी आदळताना हात पुढे टाकला होता. उजवं मनगट मोडलं.

बाईंनी पहिला टेम्पो थांबवला आणि त्या दोघींना केंद्राकडे पाठवलं. त्या फाटकातून आत धावल्या आणि लगेच फाटक बंद झालं. दोघींच्या अंगावर धूळ होती आणि त्या रडत नव्हत्या. सविता कुठे आहे, हे विचारायलाही मला वेळ मिळाला नाही.

काय झालं ते टेम्पोवाल्याने सांगितलं. पेपर सुरू झाल्यावर मी रुग्णालयात पोचले, तेव्हा सविताचा हात बांधत होते. ती एकच विचारत होती: डाव्या हाताने लिहिलं तर चालेल का. बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या, कपाळावर पट्टी. वामनमामा बातमी ऐकून नरपडहून टेम्पो घेऊन आले. बाईंच्या समोर खाली जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं, नारळापासून बटणापर्यंत. शेवटी म्हणाले, "बाय, तू घाबरशील म्हणून विझवला ग."

मला वाटलं, बाई आता ओरडतील. मी त्यांच्या जागी असते तर ओरडले असते. त्यांनी भावाच्या टकलाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "वामन, दिवा तू नाही विझवलास. माझ्या भीतीने विझवला. मी अशी झाले, की खरं सांगायची तुम्हाला चोरी झाली."

मग उठून आत सविताकडे गेल्या.

त्याच दिवशी दुपारी त्या वरच्या पाड्यावर गेल्या. मी बरोबर होते. सविता आधीच घरी पोचली होती. बाई दाराबाहेर उभ्या राहिल्या, उंबऱ्याच्या आत जाईनात. पाड्यावर सगळ्यांना "तू"च म्हणतात, बाईंनाही. जानकीबाई चुलीपुढून उठून आली, बाईंच्या पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाली, "पोरगी जिती आणलीस ना? मग बाहेर का उभी? ये." बाईंनी तिथे पहिल्यांदा पदर डोळ्याला लावला.

पुढच्या पेपरांना बाईंनी धावपळ करून लेखनिक मिळवून दिला. सविता सांगायची, आठवीतली एक मुलगी लिहायची. राहिलं ते विज्ञान. त्याची फेरपरीक्षा जुलैत. जुलैत म्हणजे आवणीच्या, भाताची रोपं लावायच्या दिवसांत. आवणीला घरातला एकही हात सुटत नाही. त्यातून सविताचं मनगट नुकतं बरं झालेलं. घरच्यांचं म्हणणं, झालं तेवढं पुरे, आता पावसाळा सरला की भट्टीवर.

बाई कुणाशी भांडल्या नाहीत. शाळा सुटली की भाड्याच्या जीपने पाड्याच्या फाट्यापर्यंत यायच्या, तिथून चिखलातून पायी. भूगोलाची बाई, विज्ञानाचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत. बांधावर छत्री उघडून बसायच्या आणि मोठ्याने वाचायच्या. खाली चिखलात सविता, तिची आई, काकू आणि शेजारणी ओळीने वाकून रोप लावत असायच्या. बाई प्रश्न विचारायच्या, सविता मान वर न करता उत्तर द्यायची. काही दिवसांनी काकूच आधी उत्तर द्यायला लागली. सविता तिच्यावर खेकसायची, "तू गप्प, पेपर माझा आहे." एकदा बाई एक व्याख्या चुकीची वाचून गेल्या, तर अख्खी ओळ थांबून हसली. मी त्या बांधावर दोनदाच गेले. रोज का गेले नाही, असं आता फार वाटतं. तसं पुन्हा काही पाहायला मिळालं नाही.

पेपरच्या दिवशी बाई सविताला घेऊन गेल्या, एसटी बदलत बदलत, आणि पेपर सुटल्यावर चालत घरापर्यंत आणून सोडलं. सविता पास झाली. भट्टी टळली. अकरावीला ती तळासरीतच गेली.

गाडी मात्र बाईंनी पुन्हा चालवली नाही. ती दुरुस्त होऊन आली. नवी चाकं बसली. नरपडच्या वाडीत चिकूच्या झाडाखाली उभी राहिली. मी एकदा गेले तेव्हा काचेवर पानं पडली होती, पण चाकं टणक होती. वामनमामा दर आठवड्याला पायपंपाने हवा भरायचे. बाई ओसरीवरून बघायच्या, "कशाला रे?" म्हणायच्या आणि तरी त्यांना थांबवायच्या नाहीत. मी म्हटलं, "बाई, एक चक्कर मारू या. आशागडपर्यंत. चहा पिऊन येऊ." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, "तुझी एसटी येऊ दे. तिने जाऊ."

सविता कॉलेजातून येता-जाता मला भेटायची, तेव्हा एकच विचारायची: "बाई गाडी कधी काढणार?" तिलाच बाईंना ते विचारायचं धाडस व्हायचं नाही. पुढची सीट तिचीच आहे, असं तिला वाटत असावं. मलाही मागची सीट माझीच वाटायची. त्या गाडीला मी माझ्या घरच्या थाटात कधीकाळी मालकाची गाडी म्हटलं होतं. आता मला तिच्या बोंबलाच्या वासाचीसुद्धा आठवण येते.

माझं तासिकेचं काम पुढच्या वर्षी संपलं. मला दुसरीकडे जावं लागलं. बाईंना मी शेवटचं पाहिलं ते भूकंपाच्या हादऱ्यांच्या हिवाळ्यात. तळासरी-डहाणूच्या गावांत तेव्हा जमीन अधूनमधून थरथरायची, शाळा झाडाखाली भरायच्या, लोक घरात जायला कचरायचे. मी एसटीत खिडकीशी बसले होते. गाडी तळासरी नाक्यावर थांबली होती. पलीकडे भाड्याच्या जीपला माणसं भरत होती. तिथे बाई दिसल्या, तशाच, अंबाड्यात अबोली, पायात बूट. त्या चढल्या नाहीत. त्या वाकल्या आणि जीपच्या चारही बाजूंनी फिरत एकेका चाकावर अंगठा दाबून बघत गेल्या. आतली माणसं वैतागली होती. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ बाई, टरबूज घेताय का?"

बाई सरळ उभ्या राहिल्या. माझ्या खिडकीपर्यंत त्यांचा वर्गातला आवाज आला: "मागचं उजवं मऊ आहे. हवा भर. मी थांबते, सगळे थांबतील."

ड्रायव्हर काहीतरी पुटपुटला, पण उतरला. आत बसलेल्या दोन शाळकरी मुलींनी सरकून बाईंसाठी जागा केली. मी खिडकीतून हाक मारणार, तोच आमची एसटी सुटली. बाईंनी वर पाहिलं नाही. त्यांची नजर त्या मऊ चाकावर होती.

निवृत्तीनंतर त्या नवसारीला लेकीकडे गेल्या, असं वामनमामांकडून कळलं. मी जाईन जाईन म्हणते.

पत्रकांत आम्ही शेवटी मागणी लिहायचो. माझी मागणी पाड्यापर्यंतच्या एसटीची आहे आणि ती मी तारीख विचारत राहीन. तुमच्याकडे मात्र एक लहान काम मागते. तुमची गाडी तुम्ही भावाला, मुलाला, शेजाऱ्याला कधी ना कधी दिली असेल. या वेळी चावी परत घेताना त्याला आधी बसवा, चहा द्या. मग साध्या आवाजात विचारा, "दिवा लागला होता का?" आणि तो उत्तर देईपर्यंत कपाळाला आठी पडू देऊ नका. तो जे सांगेल ते ऐकून घ्या, मग उठा आणि त्यालाच बरोबर घेऊन चाकांत हवा भरून या.